बजाचं इंजिन

रविवार, २ फेब्रुवारी २०१४

आज धायरीहून गाडी आणली. जावा, १९६९ सालची, मरून रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम, चालू स्थितीत. पस्तीस हजार.

नोंद ठेवायची ठरवली आहे. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांच्या फायली लिहिल्या. आता स्वतःच्या धंद्याची एक असावी. धंदा साधा आहे. जुन्या मोटारसायकली शोधायच्या, नाना पेठेतल्या दादामियाँकडून नीट करून घ्यायच्या आणि हौशी माणसाला विकायच्या. दादामियाँ जुन्या ओळखीतले. अपघातातल्या गाड्यांच्या दुरुस्तीची त्यांची बिलं माझ्याकडे यायची आणि मी ती कापायचो. त्यांनी ते मनात ठेवलेलं नाही. ठेवलं असेल तर दाखवलेलं नाही.

श्यामलाची अट एकच: गुढीपाडव्यापर्यंत एक गाडी घेऊन, विकून दाखवायची. जमलं तर धंदा चालू. नाहीतर पार्किंगमधली जागा मोकळी करायची आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद घ्यायचं, जे दोन वर्षं सगळे माझ्या गळ्यात घालू पाहताहेत. मी अट मान्य केली. सेक्रेटरी होण्यापेक्षा माणूस काहीही मान्य करतो.

गाडीचे मालक भैरूआण्णा, वय बहात्तर. काचबिंदूनं एक डोळा गेला आहे, दुसऱ्यानं उजेड तेवढा कळतो. म्हणून विकताहेत. किक मात्र त्यांनीच मारून दाखवली. जावाला गिअरचाच दांडा वर उचलून किक मारावी लागते. त्यांनी तो पायानं चाचपला आणि पहिल्या फटक्यात गाडी सुरू. आवाज इतका स्वच्छ की मी बाकी काही बघायचं सोडून ऐकत राहिलो.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही इम्याच्या हापिसात व्हता म्हनं?"

"हो."

"म्हंजे कागद जुळवून बघनार. नंबर-बिंबर समदं."

"सगळं. त्याशिवाय मी पुढं जात नाही."

"मंग न्या," ते म्हणाले.

चाळीस सांगितले होते, मी पस्तीस म्हणालो, त्यांनी मान हलवली. त्यांच्या पत्नी सरुबाईंनी दोनदा चहा दिला. ट्रान्सफरच्या फॉर्मांवर सह्या घेऊन ठेवल्या. इतका सरळ व्यवहार बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.


बुधवार, ५ फेब्रुवारी

इंजिन नंबर जुळत नाही.

दादामियाँनी इंजिनावरची चिकट काजळी रॉकेलनं धुतली आणि म्हणाले, "साहेब, चष्मा आहे का? मग लावा." आर. सी. बुकात नंबराच्या शेवटी ४१७, इंजिनावर ९६२. चेसिसचा नंबर बरोबर आहे. म्हणजे सांगाडा या गाडीचा आणि इंजिन भलत्याच गाडीचं.

लिहायला लाज वाटते, पण फाइल म्हटली की सगळं आलं. नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासली की आकडे कागदावर उमटतात. ही पेन्सिलीची छाप जोडलेली नाही म्हणून मी आयुष्यात किती प्रस्ताव परत पाठवले असतील, गणती नाही. माझ्या पहिल्याच गाडीच्या इंजिनाची छाप मी घेतली नव्हती.

"ऐकून पास केलंत?" दादामियाँ म्हणाले. "आमची बिलं कधी ऐकून पास केली नाहीत."

मी चष्मा काढून खिशात ठेवला.

"या गल्लीत पंच मारून देणारे आहेत," ते हात पुसत म्हणाले. "जुने आकडे घासायचे, नवे ठोकायचे. मी करणार नाही आणि तुम्हालाही करू देणार नाही."

"मी म्हटलंच नाही तसं."

"तोंडावर आलं होतं."

नंबर जुळल्याशिवाय आर. टी. ओ.त ट्रान्सफर होणार नाही, आणि जुन्या गाड्यांचा जाणकार असल्या गाडीला हात लावणार नाही. पहिलीच गाडी, आणि भैरूआण्णांनी मला सरळसरळ फसवलं.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

धायरीला जाऊन आलो. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलो होतो. "तुमच्या पुस्तकात एक नंबर आहे आणि इंजिनावर दुसरा," एवढंच म्हणालो.

"बघितला म्हना," भैरूआण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. हा चेहरा माझ्या ओळखीचा आहे. खोटा क्लेम पकडला गेला की काही माणसांना असंच सुटल्यासारखं वाटतं.

त्यांनी काहीही लपवलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ बजरंग. दोघांनी एकाच दिवशी दोन जावा घेतल्या. एकोणऐंशी साली भैरूआण्णांनी आपलं इंजिन नवं करून घेतलं. त्याच वर्षी बजरंगला लोणी काळभोरकडची दुधाची लाइन मिळाली.

"रोजचा लांबचा पल्ला, अन् त्येचं इंजिन खोकत व्हतं. म्हनलं, बजा, माझं घे तुला, तुझं दे हिकडं. म्या काय, गावातल्या गावात फिरनार."

"मग परत का बदललं नाहीत?"

"राह्यलं."

"आणि हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही बघनार म्हनला व्हता. म्हनून न्हाई सांगितलं."

आतून सरुबाई म्हणाल्या, "शहान्नव सालात जिमिनीवरनं..."

"तू चा ठेव," आण्णा म्हणाले. चहा नुकताच झाला होता.

बजरंग आता लोणी काळभोरला असतो, सासऱ्याच्या रानात घर बांधून. अठरा वर्षं दोघांचं बोलणं नाही, जाणं-येणं नाही. तरी आण्णांनी पत्ता सांगितला तो फाट्यापासून, डाव्या हाताच्या विहिरीपासून, फाटक हिरवं आहे इथपर्यंत. "गेल्या साली रंग दिलाय," म्हणाले. ज्या घरी अठरा वर्षं पाऊल टाकलं नाही, त्याच्या फाटकाचा रंग याला कुठून माहीत? काहीतरी लपवतो आहे, अशी नोंद इथे करून ठेवतो.

मी गाडी परत घ्या म्हणालो.

"पैसं जसंच्या तसं ठिवल्यात. कवाबी न्या. पर आदी तिकडं जाऊन या एकडाव."

वेळ काढायचा प्रकार. निघताना सरुबाई फाटकापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, तिकडं गेलात तर ह्यांच्या डोळ्यांचं..."

"काय सांगायचं न्हाई," आतून आवाज आला. आण्णांचे डोळे गेले असले तरी कान शाबूत आहेत.


रविवार, ९ फेब्रुवारी

लोणी काळभोर. फाटक हिरवं होतं.

बजरंगराव एकोणसत्तर वर्षांचे, ताठ, अजून गाडी रोज चालवतात. जावा अंगणात उभी होती. मी गिऱ्हाईक म्हणून बोललो, आधी खरं सांगितलं नाही. विकायची नाही म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "एकदा सांगितलं तेच दोनदा सांगू का?" मग मात्र मला सांगावं लागलं की धायरीची गाडी माझ्याकडे आहे आणि तिच्यात त्यांच्या नावचं इंजिन आहे.

ते खाटेवर बसले. "इकली? आण्णानं?"

"हो."

"सवता इकली का पोरानं इकाया लावली?"

इथून पुढे या माणसानं मला अर्धा तास प्रश्न विचारले. आण्णाची तब्येत कशी आहे, जेवण किती आहे, कोण दवाखान्यात नेतं, गाडी का विकली, विकताना काय म्हणाला, उभा होता की बसला होता. समोरच्याला गरज किती आहे हे घरच्या चौकशीच्या आडून काढून घ्यायचं आणि मग भाव सांगायचा, ही फार जुनी रीत आहे. मी तिच्यात अडकणाऱ्यांतला नाही. मुद्दाम मोघम उत्तरं दिली. तब्येत उत्तम. घरचं सगळं व्यवस्थित. गाडी विकली, कारण आता वापरात नाही. डोळ्यांचं बोललो नाही. आण्णांनीही नको म्हटलं होतंच.

"समदं ठीक हाय म्हनता."

"अगदी ठीक."

बजरंगराव उठले. "मंग बरं हाय. त्येचं बरं चाललंय, माझं बरं चाललंय. इंजिन हाय तितं राहू द्या."

मी दोन्ही इंजिनं बदलायचा खर्च देतो म्हणालो, वर पाच हजार देतो म्हणालो. त्यांनी फाटक उघडून धरलं. माझा नंबर आणि गॅरेजचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या हातात देऊन निघालो.

मुरलेला माणूस. माझ्या तोंडून गरज निघाली नाही हे कळताच बैठक मोडली.


सोमवार, १० फेब्रुवारी

श्यामलाला सगळं वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

"अहो, आंधळ्या भावाचं सगळं उत्तम चाललंय असं सांगून आलात?"

"ती बोलणी करायची पद्धत असते."

"छान. तेहेतीस वर्षं क्लेम नामंजूर केलेत, हा एक राहिला होता."

मी कोणता क्लेम म्हणून विचारलं. तिनं भाजीची परडी उचलली आणि आत गेली. हिला या धंद्यातलं काही कळत नाही.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

बाणेरचे एक गृहस्थ गाडी बघून गेले. आयटीत मोठ्या पदावर आहेत. पंच्याण्णव हजार द्यायला तयार. दोन अटी: नंबर जुळलेले हवेत आणि गाडी पाडव्याच्या आधी हवी, मिरवणुकीत घालायची आहे. मी हो म्हणालो. का म्हणालो, कुणास ठाऊक. हातात आहे ते चुकीचं इंजिन.

दादामियाँ म्हणाले, "लोणीला परत जा साहेब. या वेळी ऐकून या."


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बजरंगरावांचा फोन. चार दिवसांतला तिसरा. पहिल्या वेळी विचारलं, गाडी सावलीत आहे का. दुसऱ्या वेळी, टाकीत पेट्रोल ठेवता की रिकामी ठेवता. आज म्हणाले, "आण्णा आला व्हता का गाडी बघाया?"

मी वैतागलो होतो. म्हणालो, "ते कसे येतील? त्यांना दिसत कुठं आहे?"



मला दोनदा 'हॅलो' म्हणावं लागलं.

"कवापास्नं?"

"मला वाटतं दोन वर्षं झाली. काचबिंदू आहे."

फोन बंद झाला. लोणीकडे रेंजची अडचण असावी.


सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी नऊला गॅरेजवर गेलो तर बजरंगराव आधीच हजर. शटर उघडायच्या आधी येऊन बसले होते म्हणे. स्वतःच्या जावावरून, अंगावर स्वच्छ धोतर आणि धुळीनं माखलेला स्वेटर.

"बदला इंजिन," ते म्हणाले.

किती घेणार, असं मी विचारलं. हातानं उडवून लावलं. जो माणूस पाच हजारांना हलला नाही तो फुकट द्यायला आला, हे मला नीटसं पटलं नाही. मी संमतीचं पत्र पुढे केलं.

"हितं आण्णाची सही लागंल न्हवं?" ते म्हणाले.

"नाही. त्यांनी गाडी मला विकली आहे. त्यांच्या सह्या माझ्याकडे आहेत."

"दोगांच्या गाड्या हायती. दोगांची सही लागंल."

मी त्यांना नियम समजावून सांगितला. तेवढ्यात दादामियाँ पान्याचा आवाज थांबवून म्हणाले, "लागेल साहेब."

"कुठल्या नियमानं?"

"आर. टी. ओ.चा नवीन नियम आहे. दोन्ही मालक समोरासमोर पाहिजेत."

चाळीस वर्षं ज्यांनी एक फॉर्म स्वतः भरला नाही ते मला नियम सांगत होते. वाद नको म्हणून मी उद्या स्वतः चौकशी करून येतो म्हणालो. "जरूर जा," दादामियाँ म्हणाले. "सावकाश या."


मंगळवार, २५ फेब्रुवारी

आर. टी. ओ.त तीन खिडक्या फिरलो. असा कुठलाही नियम नाही. तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी तर मलाच विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं. दुपारी एकला जिंकून नाना पेठेत परतलो.

गॅरेजमध्ये भैरूआण्णा आणि सरुबाई बसले होते. दादामियाँनी सकाळीच धायरीला रिक्षा पाठवली होती.

दोन्ही इंजिनं उतरवून बाकड्यावर शेजारी शेजारी ठेवली होती. बजरंगराव बाकड्याच्या एका टोकाला, आण्णा दुसऱ्या टोकाला खुर्चीवर. मी म्हणालो, "नियम नाहीये." कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

आण्णांनी हात पुढे केला. बजरंगराव उठले, मनगट धरून तो हात आपल्या गाडीतून उतरवलेल्या इंजिनावर ठेवला आणि परत आपल्या जागी गेले.

आण्णांनी बोटं फिरवली. "काजळी लई हाय. पेट्रोलात तेल जादा घालतोस."

"तू सांगितलं तेवढंच घालतो."

"म्या लिटरला चाळीस सांगितलं व्हतं."

"पन्नास."

"चाळीस."

"पन्नास सांगितलंस, दुधाच्या गाडीवर हात ठिवून. सरुवैनी उभी व्हती तितं."

"मला कशाला मधी घेता," सरुबाई म्हणाल्या. "मी चाळीस बी ऐकलं न्हाई अन् पन्नास बी."

यावर दोघं पाऊण तास भांडले. चाळीस की पन्नास, कुठलं तेल, त्या काळी पंपावर तेल मोजून कोण द्यायचं, तो मेला कधी. अठरा वर्षांनी भेटलेली माणसं जमिनीचं बोलतील, निदान डोळ्यांचं तरी, असं मला वाटत होतं. मी कामाचा विषय निघायची वाट बघत उभा राहिलो.

मग दादामियाँ म्हणाले, "साहेब, तो सहीचा कागद."

"लागत नाही म्हणून सांगतोय ना. मी विचारून आलो."

"लिहा तरी."

"काय लिहू?"

"काहीही लिहा. दोघांची नावं पाहिजेत."

म्हणून मी लिहिलं: 'आम्ही दोघे भाऊ आपखुशीने लिहून देतो की, एकोणीसशे एकोणऐंशी साली अदलाबदल केलेली इंजिने आज एकमेकांस परत केली असून त्याबाबत कोणाची काही तक्रार नाही.' कुठल्याही खिडकीवर कुणी घेणार नाही असा कागद. बजरंगरावांनी सही केली. मग तो कागद घेऊन ते आण्णांजवळ गेले, त्यांच्या हातात पेन दिलं आणि सहीच्या जागी आपलं बोट ठेवलं.

"वाचून दावू का आदी?"

आण्णांनी चाचपून ते बोट शोधलं. "नगं. तू दावलंस तितं करतो."

सही वेडीवाकडी झाली, बरीचशी बजरंगरावांच्या नखावर. सरुबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मागाहून त्यांनी मला सांगितलं की शहाण्णव साली जमिनीच्या व्यवहारात बिल्डरच्या कागदावर सही करायची होती, तेव्हा आण्णा सगळ्या गावासमोर म्हणाले होते, बजानं दिलेला कागद मी दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही करणार नाही. बजरंगराव त्याच महिन्यात लोणीला गेले ते गेलेच.

त्यांनी आणखीही एक सांगितलं. धायरीतला एक गॅरेजवाला या गाडीचे पंचेचाळीस देत होता, कागद न बघता. आण्णांनी त्याला दिली नाही. कागद जुळवणारा माणूस पाहिजे, म्हणून दोन महिने थांबले. मला बरं वाटलं. माझ्या कामाचा लौकिक धायरीपर्यंत गेला असेल असं वाटलं नव्हतं.


सोमवार, ३ मार्च

इंजिनं आपापल्या सांगाड्यांत बसली. मी स्वतः पेन्सिलीनं छाप घेतली: ४१७. पुस्तकाशी जुळते. छाप पाकिटात घालून जपून ठेवली.

बाणेरकरांनी पाच हजार आगाऊ दिले. अठ्ठावीस तारखेला गाडी नेणार.


मंगळवार, १८ मार्च

बजरंगराव आले. आता दर मंगळवारी आण्णांना डोळ्यांच्या दवाखान्यात तेच नेतात. मुलाला सुट्टी मिळत नाही. आण्णांना बाहेर रिक्षात बसवून ते आत आले.

"गाडी गेली का?"

"अठ्ठावीसला जाणार."

"कितीला?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "सकाळी उठला की फडकं घेऊन जातोय. गाडी उभी असायची तितं. जागा रिकामी हाय हे ठावं असतंय, तरी जातोय. वैनी म्हनली."

सवय मोडायला वेळ लागतो, असं मी म्हणालो.

"आमच्याकडनं एवढं हुनार न्हाई," ते म्हणाले. "तुम्ही दिलेलं पस्तीस, अन् दादामियाँची मजुरी. तेवढं हाय. बगा."

"दिसत नाही त्या माणसाला गाडी कशाला?"

बजरंगरावांनी सीटवरून हात फिरवला. "दारात लागती," म्हणाले आणि गेले.

दादामियाँनी या वेळी काहीही मत दिलं नाही. मी विचारलं तरी दिलं नाही.


गुरुवार, २० मार्च

बाणेरकरांचे पाच हजार परत केले.

कारणं नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर सांगता येतील. एक, त्यांनी फोनवर सांगितलं की टाकीवर मोठ्या अक्षरांत 'व्हिंटेज' असं स्टिकर लावणार. दोन, मरून रंग काढून काळा करायचा म्हणाले. तीन, चेक देतो म्हणाले, आणि चेक वटेपर्यंत पाडवा उजाडला असता. यातलं एकेक कारण किरकोळ आहे, पण तिन्ही मिळून व्यवहार असुरक्षित ठरतो. क्लेम खात्यात असतो तर हेच लिहिलं असतं.

ते चिडले. पंच्याण्णवचे एक लाख करतो म्हणाले. मी नाही म्हणालो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी उभा आहे. खुर्चीवरून कधी उठलो ते आठवत नाही.

श्यामलाला तिन्ही कारणं सांगितली. तिनं ती नीट ऐकून घेतली. "स्टिकर फारच वाईट," म्हणाली.

संध्याकाळी गाडी धायरीला पोचवली. बजरंगरावांनी पस्तीस हजार आणि दादामियाँची मजुरी तिथेच दिली. पेट्रोल आणि रिक्षा माझ्या खिशातून. आण्णा ओट्यावर होते. आवाज गल्लीच्या तोंडाशी असतानाच उठून उभे राहिले. ट्रान्सफरचे फॉर्म अजून दिलेले नव्हते, ते त्यांच्यासमोर फाडले. कागदोपत्री ही गाडी कधी विकली गेलीच नव्हती.


सोमवार, ३१ मार्च, गुढीपाडवा

अटीप्रमाणे हिशेब श्यामलापुढे ठेवला. एक गाडी घेतली, एक विकली, नफा शून्य, किरकोळ तोटा. म्हणालो, उद्या पार्किंग मोकळं करतो आणि सोसायटीला कळवतो.

ती श्रीखंड वाढत होती. "घेऊन विकून दाखवायची, एवढंच ठरलं होतं. नफ्याचं मी कुठं बोलले?"

अट तिच्याच शब्दांत पहिल्या पानावर आहे. काढून वाचली. नफा हा शब्द खरंच नाही. तेहेतीस वर्षं पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये, याचं आश्चर्य वाटतं.

जेवताना फोन आला. लोणीजवळचा कुणी सोनबा नावाचा माणूस. माझा नंबर बजरंगरावांनी दिला म्हणाला. घरात जुनी राजदूत आहे, १९७४ सालची.

"नंबर जुळतात का?" मी पहिल्यांदा तेच विचारलं.

"नंबर समदं जुळत्यात. गाडी एकहाती हाय."

"मग अडचण काय?"

"अडचन काय न्हाई," तो म्हणाला. मग पुढं, "साहेब, माझी भन दिली हाय थेऊरला. गाडी घ्यायच्या आदी तुम्ही तिकडं एकडाव जाऊन याल का? पत्ता सांगतो."

गाडी त्याची, इंजिन त्याचं, पुस्तक त्याच्या नावावर. त्याच्या बहिणीशी माझं काय काम असणार, हे मला काही केल्या कळेना. तसं सांगायला तोंड उघडलं तर श्यामलानं ताटाशेजारी पेन आणून ठेवलं होतं.

पत्ता लिहून घेतला. फाट्यापासून तिसरं घर. रविवारी जाईन.